डेक टाकायचाय, पण खाली शेजारी राहतात

पत्र : आमची बिल्डिंग मुलुंडला रिडेव्हलपमेंटमध्ये गेली होती, आता नवीन फ्लॅट मिळालाय दुसऱ्या मजल्यावर, त्याला लागून २० बाय १० चा ओपन टेरेस आहे. टेरेसच्या खाली पहिल्या मजल्यावरच्या काकांचा हॉल येतो आणि मागच्या पावसाळ्यात त्यांच्या सीलिंगला ओल आली होती, बिल्डरने वॉटरप्रूफिंग परत करून दिलं. मला तिथे लाकडी डेक, झोपाळा, तुळस आणि १५-२० कुंड्या असा छोटा गार्डन करायचाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाईनच्या फळ्या टाकू, टाईलला प्लग मारून फिक्स करू, वरून मेलामाइन पॉलिश, एकदम हॉटेलसारखं दिसेल. मिस्टर म्हणतात डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या) टाक, मेंटेनन्सची कटकट नको. सासरे मालवणचे, ते म्हणतात टाकायचं तर सागवान टाका नाहीतर नकोच, आणि होडीला लावतात तसं काजूचं तेल लावा. मुलगी ५ वर्षांची आहे, दिवसभर अनवाणी फिरते. काय टाकू, कसं टाकू आणि दरवर्षी नेमकं काय करावं लागेल?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या घरात लाकूड कुठलं यावर तीन पार्ट्या पडल्यात, पण माझं लक्ष अडकलं ते कॉन्ट्रॅक्टरच्या "टाईलला प्लग मारून" या तीन शब्दांवर. काकांच्या सीलिंगची ओल आत्ता कुठे वाळली असेल आणि हा माणूस त्याच वॉटरप्रूफिंगमध्ये शंभरेक भोकं पाडायला निघालाय. आपल्याकडे टेरेसला टाईलखाली साधारण ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, आणि त्याच्याखाली केमिकलचा कोट असतो, भोक पाडलं की पाणी टाईलखाली शिरतं आणि कोब्यात साठून राहतं, मग सावकाश कुठूनतरी भलतीकडेच खाली उतरतं, त्यामुळे गळती कुठल्या भोकाची ते शोधणंही अवघड होऊन बसतं. तेव्हा त्या टेरेसला एकही भोक नाही, हे आधी ठरवा. लाकूड कुठलं हे त्यानंतर.

मग डेक जागेवर राहणार कसा, तर स्वतःच्या वजनाने. फिक्स न करता सुटी पॅनल करून घ्या, ३ बाय ३ फुटांची. प्रत्येक पॅनल म्हणजे खाली तीन बॅटन, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, आणि वर इंचभर जाडीच्या फळ्या. सागवानाचं असं पॅनल १५ ते १७ किलोच्या आसपास भरतं, दोघांनी आरामात उचलता येतं. वारा उचलून नेईल ही भीती मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर कठड्याच्या आत धरायचं कारण नाही, आणि तरी वाटलंच तर पॅनल खालून एकमेकांना स्टीलच्या पट्ट्यांनी जोडता येतात, जमिनीला हात न लावता. उचलता येणारा डेक हवा याला कारणंही तशीच आहेत: पाण्याची जाळी साफ करायला, खाली अडकलेला पाला काढायला, आणि उद्या काकांनी परत बेल वाजवलीच तर टाईल दाखवायला. फिक्स डेक असला की प्लंबर पहिलं वाक्य बोलतो, "हे सगळं तोडावं लागेल."

काम सुरू करायच्या आधी टेरेसची जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा, ४८ तास, आणि काकांना सांगून ठेवा की सीलिंगवर नजर ठेवा. ओल आली तर आधी बिल्डरच्या मागे लागा, डेक थांबू दे. नाही आली तर दोघांच्या समोर फोटो काढून ठेवा, सोसायटीला डेकसाठी जे पत्र द्याल त्याला तेच फोटो जोडा आणि पत्रात स्पष्ट लिहा की ड्रिलिंग काहीही नाही, सुटी पॅनल आहेत. कमिटीचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

पॅनल खाली कसं बसवायचं यात मिस्त्री लोक एक गंमत करतात, त्यांना सगळं लेव्हलमध्ये हवं असतं. टेरेसला पाणी जाण्यासाठी उतार असतो, दहा फुटांत साधारण इंचभर, आणि मिस्त्री स्पिरिट लेव्हल ठेवून खोलगट बाजूला प्लायचे तुकडे कोंबतो आणि त्याला पॅकिंग म्हणतो. ते तुकडे पहिल्याच जुलैत कुजतात आणि पॅनल डुगडुगायला लागतं. माझं ऐकाल तर डेकला टेरेसचाच उतार राहू दे, दहा फुटांत इंच कोणाच्या डोळ्याला कळत नाही, चहाचा कप घसरत नाही आणि वरचं पाणीही वाहून जातं. बॅटनखाली फक्त रबराचे पॅड, अर्धा इंच जाडीचे, म्हणजे लाकूड टाईलला टेकणार नाही आणि पाण्याला आडवी भिंत उभी राहणार नाही. बॅटन उताराच्या दिशेनेच धावले पाहिजेत. इन्स्टाग्रामवर दिसतं तसं चेकरबोर्ड पॅटर्न, एक पॅनल उभं एक आडवं, हे छान दिसतं खरं, पण त्यात निम्म्या पॅनलचे बॅटन पाण्याच्या वाटेत आडवे येतात आणि सगळा पाला तिथे अडतो. पॅड लावूनसुद्धा अडतो.

हे पाण्याचं मी एवढं लावून धरतोय कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून, हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सूनची तारीख ११ जून, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो डेक ओलाच असणार आहे, आणि सागवान काय नि दुसरं काय, भिजून वाळणारं लाकूड टिकतं, भिजून तसंच राहणारं कुजतं. शिवाय डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, डेकखाली टाईलच्या खड्ड्यात वाटीभर पाणी राहिलं तरी काम झालं त्याचं. पालिकेची कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात घराघरात कुंड्यांच्या बशा तपासत फिरतात, अळ्या सापडल्या तर नोटीस येते, तेव्हा पॅनल उचलून दाखवता आलं तर बरं.

आता लाकूड. पाईन आधी उडवू. पाईन वाईट नाही, परदेशात प्रेशर ट्रीटमेंट केलेल्या पाईनचे डेक वर्षानुवर्षं चालतात, पण तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने आणलेलं पाईन बहुतेक पॅकिंगच्या खोक्यांचं किंवा फर्निचर ग्रेडचं असणार, त्याला आतपर्यंत केमिकल गेलेलं नसतं. ते आपल्या पावसात उघड्यावर दोन-तीन वर्षांत मऊ पडायला लागतं, आणि वाळवीला तर पाईन फार आवडतं. त्याला विचारून बघा ट्रीटेड आहे का आणि कुठल्या केमिकलने, उत्तर "सगळं केलेलं असतं मॅडम" असं आलं की समजून जा.

डब्ल्यूपीसीबद्दल तुमच्या मिस्टरांचं अगदीच चुकत नाही. त्याला तेल नको, वाळवी नको, फुगणं-आकसणं रुंदीला कमी. पण मे महिन्यात दुपारी ते तापतं, चांगलंच तापतं, आणि तुमची मुलगी अनवाणी. आतून पोकळ असलेल्या स्वस्त फळ्या तर टाकूच नका, कडेने पाणी आत जातं आणि झोपाळ्याच्या पायाखाली खचतात. ते लांबीला वाढतं उन्हात, म्हणून टोकाला ३-४ एमएम जागा सोडावी लागते आणि बॅटन १२ इंचांवर घ्यावे लागतात, लाकडाला १६ चालतात. चरा पडला की पॉलिश पेपर मारून निघत नाही. आणि मुख्य म्हणजे मेंटेनन्स वाचतो तो फक्त तेलाचा, खालचा पाला आणि शेवाळ डब्ल्यूपीसीलाही तेवढंच. टेरेसला थेट दुपारचं ऊन नसेल आणि तेल लावायला खरंच कोणाला वेळ नसेल तर सॉलिड डब्ल्यूपीसी घ्या, मी नाही म्हणणार नाही.

माझं स्वतःचं मत सासऱ्यांच्या बाजूने, सागवान. फक्त "सागवान" हा शब्द ऐकून पैसे देऊ नका. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून सागवान गेलं २०२३ मध्ये, तेव्हापासून तर प्रत्येक वखारवाल्याकडे बल्लारशाचाच माल असतो. प्रत्यक्षात बाजारात आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून लागवडीचं सागवान भरपूर येतं, त्यातलं काही ठीक असतं, काही कोवळ्या झाडाचं. तुम्ही नाव सोडा आणि फळीची टोकं बघा. सागवानाची सगळी ताकद गाभ्यात, तो पिवळसर तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो, वास येतो चामड्यासारखा. कडेचा फिकट, पांढुरका भाग असतो त्याला सुतार कच्चं म्हणतात, तो वाळवी खाते आणि तोच आधी काळा पडतो. सागवानाचा असला तरी. फळीत बोटभर पांढरी कड दिसली की ती बाजूला काढायला सांगा, वखारवाला तोंड वाकडं करेल, करू दे. रे रोडला चक्कर मारा, तिथे जुन्या बिल्डिंगांच्या तुळया चिरून मिळतात का ते विचारा, जुनं बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशाचं सागवान, मिळालं तर सोनं आहे, फक्त आत खिळे राहिलेले असतात म्हणून चिरणारा कुरकुर करतो.

किती लागेल ते सांगतो म्हणजे बिल तपासता येईल. अख्खा २०० फूट टेरेस झाकू नका, काही गरज नाही. झोपाळ्यासमोर १२ बाय ९ चा डेक करा, म्हणजे बरोबर १२ पॅनल, बाकी टाईल कुंड्यांना. १०८ चौरस फुटांना इंचभर जाडीने ९ घनफूट फळ्या, दोन बाय दीड इंची बॅटन १०८ फूट म्हणजे सव्वादोन घनफूट, त्यावर १५ टक्के वेस्टेज, सगळं मिळून १३ घनफुटाच्या आसपास. कोणी २० घनफुटाचं कोटेशन दिलं तर उरलेलं कुठे जातंय ते प्रेमाने विचारा. बजेट बसत नसेल तर फूट बाय फूट लाकडी डेक टाईल मिळतात, खाली प्लास्टिकची जाळी असते, एकमेकात क्लिक होतात, त्या घेऊन निम्म्या जागेत टाका. फक्त त्यांची उंची कमी असल्याने खाली माती लवकर बसते, महिन्याला उचलाव्या लागतील पावसाळ्यात.

फळ्यांमध्ये ६ एमएम गॅप. सुतार म्हणेल गॅप कशाला, कचरा पडेल, मी चिकटवून देतो. नको. डिसेंबरमध्ये कोरडी बसवलेली चार इंची फळी जुलैत एखाद एमएम फुगते, जागा नसली तर एकमेकींना ढकलून वर उठतात. त्याच्या हातात ६ एमएम प्लायचा तुकडा द्या आणि प्रत्येक दोन फळ्यांत तो घालूनच स्क्रू मारायला सांगा, डोळ्याच्या अंदाजाने कोणाचाही गॅप सारखा येत नाही. काम डिसेंबर-जानेवारीत करा, ओल्या लाकडावर जूनमध्ये घाई नको.

आणि स्क्रू! इथे माणसं हमखास फसतात. सुताराच्या पिशवीत ते काळे स्क्रू असतात ना, जिप्समचे, सीलिंगसाठी वापरतात ते, स्वस्त आणि पटकन जातात, तेच तो वापरणार. पहिल्या पावसात ते गंजतात आणि सागवानातल्या टॅनिनशी लोखंड भिडलं की प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग पसरतो, वर्सोव्याला एका ओळखीच्यांच्या टेरेसवर मी पाहिलंय, अख्ख्या डेकवर ओळीने काळे डोळे, आणि स्क्रूची डोकी पेचकस लावला की तुटून हातात. एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, दोन इंची स्क्रू आणा, तुम्हाला मुलुंडला ते पुरेत, समुद्रासमोर राहणाऱ्यांनी ३१६ घ्यावेत. एका पॅनलला ८ फळ्या, ३ बॅटन, प्रत्येक ठिकाणी दोन, म्हणजे ४८, बारा पॅनलला सहाशेच्या आत. ते स्वतः विकत आणून द्या. आधी बारीक ड्रिल मारून मगच स्क्रू, नाहीतर टोकाशी फळी चिरते. कापलेल्या प्रत्येक टोकाला बसवायच्या आधी तेल पाजा, दोनदा, कारण लाकूड पाणी सगळ्यात जास्त टोकाकडून पितं, आणि बसवल्यावर तिथे ब्रश जात नाही.

मेलामाइन पॉलिश नको म्हणजे नकोच, ते घरातल्या कपाटाचं काम आहे. बाहेर लाकूड हलतं, पॉलिशचा थर हलत नाही, तडा जातो, तड्यातून पाणी आत आणि मग बाहेर यायला वाट नाही. खालून काळं पडतं आणि वरून पापुद्रे, पुढच्या वर्षी सगळं घासून काढण्याशिवाय इलाज नाही. डेकला तेल. चांगल्या कंपनीचं डेकिंग ऑइल किंवा टीक ऑइल, त्यात साधारण जवसाचं नाहीतर टंग ऑइल, थिनर आणि बुरशी रोखणारं काहीतरी असतं. बाजारातून नुसतं कच्चं जवसाचं तेल आणून चोपडू नका, ते वाळता वाळत नाही आणि आपल्या दमट हवेत त्याच्यावर काळी बुरशी धरते.

सासऱ्यांच्या काजूच्या तेलाबद्दल. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात ते उगाच नाही, किडीला आणि पाण्याला ते दाद देत नाही. पण ते बिब्ब्याच्या जातीचं आहे, कातडीला लागलं तर फोड येतात, आणि रंगाने काळंभोर. होडीवर कोणी अनवाणी लोळत नाही, तुमची मुलगी लोळणार. त्यांचा मान राखायचाच असेल तर बॅटनच्या खालच्या बाजूला, हातमोजे घालून, त्यांच्याच देखरेखीखाली लावू दे, वरच्या फळ्यांना अजिबात नाही.

दरवर्षीचं काम विचारलंत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक रविवार काढा, बाराही पॅनल उचलून भिंतीला टेकवा, खालची टाईल धुवा, जाळीतला पाला काढा, सैल स्क्रू आवळा. पाण्याचे थेंब फळीवर शिंपडून बघा, थेंब तसेच उभे राहिले तर तेल अजून आहे, फळीत मुरून डाग पडला तर एक हात फिरवून घ्या. पावसात फक्त झाडू आणि शेवाळ दिसलं की नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी, फळीच्या रेषेच्या दिशेने. मावशींना सांगून ठेवा, बाथरूमचं अ‍ॅसिड तिकडे न्यायचं नाही, ब्लीचही नाही. प्रेशर वॉशरने पाच मिनिटांत स्वच्छ होतं खरं, पण लाकडाचे तंतू उचकटतात आणि पायात कुसळं जातात. निळी ताडपत्री बांधून डेक झाकायचा मोह होईल, ती घट्ट बांधली की आत चार महिने वाफ कोंडते, उघडा राहिलेला डेक त्याहून बरा.

मुख्य तेल पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर हीटमध्ये १५-२० दिवस लाकूड नीट वाळू दिल्यावर. आधी ८० नंबर मग १२० नंबर पॉलिश पेपर, त्याहून बारीक नको, गुळगुळीत केलं की तेल मुरत नाही. सकाळी लावा, दुपारच्या उन्हात नाही, आणि वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून काढा, नाहीतर दिवाळीत पाहुण्यांचे कपडे चिकटतील. ती फडकी गोळा करून डब्यात ठेवू नका, हे गंभीरपणे सांगतोय. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवा नाहीतर पसरून वाळवा, मगच टाका. एखाद्या वर्षी तेल राहिलं तर घाबरू नका, सागवान उन्हाने राखाडी होतं, तो नुसता वरचा रंग जातो, ताकद जात नाही. काहींना तो राखाडी रंगच आवडतो, मलाही.

राहिलं कुंड्यांचं. वजनाची काळजी डेकची करू नका, तो चौरस मीटरला वीसेक किलो. वापरायच्या गच्चीला आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकात, चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरतात, आणि ओल्या मातीने भरलेली एक १४ इंची कुंडी ४०-५० किलोची असते, तेव्हा पंधरा-वीस मोठ्या कुंड्या एका कोपऱ्यात रांगेने न ठेवता कठड्याच्या कडेने वाटून ठेवा. डेकवर कुंडी ठेवू नका, खाली काळं वर्तुळ उमटतं ते तेलानेही जात नाही. तुळशीला रोज पाणी घालणार, तीही टाईलवरच. डेकमुळे जमीन तीन इंच वर येते, म्हणजे कठडा तीन इंच बुटका होतो, मुलगी लहान आहे तर कठड्याला लागून डेक आणूच नका, फूटभर जागा सोडा. दाराचा उंबरठा किती वर आहे तेही आधी मोजा, डेक उंबरठ्याच्या बरोबरीला आला तर जुलैच्या झडीत पाणी सरळ हॉलमध्ये.

झोपाळा छताला टांगायचा प्रश्नच नाही, ओपन टेरेस आहे, स्टँडवाला घ्या. त्याचे पाय जिथे येतील त्या पॅनलला दोन बॅटन जास्तीचे टाकायला सुताराला आधीच सांगा, आणि पायांना रबराच्या टोप्या, नाहीतर करकर आवाज काकांच्या हॉलमध्ये ऐकू जाईल.